फलकावरचे दोन शब्द

आमच्या कामगार कॉलनीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर सिमेंटचा एक काळा फलक आहे. माझे वडील त्याच्यावर खडूनं बातम्या लिहितात. मला कळायला लागल्यापासून लिहितात. आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, हात थरथरतो. कॉलनीतल्या निम्म्या घरांत भाडेकरू आले आहेत. हा म्हातारा कोण, ते त्यांना माहीत नाही. तरी बाबा लिहितात.

बाबा चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत होते. पंख्यांच्या मोटारी बनायच्या तिथं. बाबा पॅकिंगला, लाकडी खोक्यांवर ब्रशनं पत्ते आणि नंबर टाकायचं काम. अक्षर इतकं वळणदार की युनियनवाल्यांनी एक दिवस हा फलकच त्यांच्या ताब्यात दिला. तेव्हा त्याच्यावर काय नसायचं? पुढच्या आठवड्यात कुणाची कोणती पाळी, गेटवर सभा कधी, कुणाच्या घरी मुलगी झाली, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला कुठं जमायचं, क्रांती चौकाकडचा कोणता रस्ता बंद राहणार. पहिल्या पाळीची माणसं सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून वाचायची. गिरणीत वर्तमानपत्र यायचं, पण त्यातल्या बातम्या दुनियेच्या. फलकावरच्या आमच्या.

बातमी सगळ्यांच्या आधी द्यायची बाबांना फार हौस होती. कुणाच्या घरासमोर रिक्षा थांबली की ते सहज म्हणून तिकडून चक्कर मारून यायचे. आई चिडवायची, "तुमच्या पोटात काही ऱ्हात नाय." ते हसायचे. त्या काळात ते खूप हसायचे.

शेजारच्या खोलीत काका राहायचे. सोयगावकडचे, शेतकऱ्याचं घर, भाऊबंदांत वाटणी होऊन थोडकी जमीन उरलेली. आम्ही बौद्ध, ते मराठा. पण काका आणि बाबा एकाच आठवड्यात कंपनीला लागले होते आणि पहिल्या दिवसापासून एका डब्यात जेवले. काका प्रेस शॉपमध्ये. पत्रा कापणाऱ्या मशीननं त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नेली होती. त्या हातानं ते आम्हा पोरांना चिमटे काढायचे आणि विचारायचे, "सांग बरं, कोणत्या बोटांनी काढला?"

कंपनी बंद पडली तेव्हा मी दहावीत होते. गेटवर इंग्रजीत नोटीस लागली. बाबांनी कुणाकडून तरी तिचा अर्थ लावून घेतला आणि मराठीत फलकावर उतरवली. त्या दिवशी वाचायला थांबलेली माणसं वाचून झाल्यावरही हलत नव्हती, हे मला आठवतं. नंतर पांगापांग झाली. कुणी वाळूजला गेलं, कुणी पुण्याला, कुणी रिक्षा घेतली. बाबा क्रांती चौकाजवळच्या एका पेंटरकडं दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले. काकांना मात्र कोणतीच कंपनी उभं करेना. मुलाखतीला गेले की समोरचा आधी हाताकडं बघायचा.

शेवटी ते फर्दापूरला गेले. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी तिथं लॉज आहेत, त्यातल्या एका लॉजवर गाड्या लावून घ्यायचं, सामान वर न्यायचं, दारात बसायचं असं काम होतं. काकू आणि त्यांचा मुलगा इथंच राहिले, मुलाची शाळा होती म्हणून. काका महिन्यातून एकदा एसटीनं यायचे. जाताना दर वेळी बाबांना सांगायचे, "कंपनीचं काही कळलं तर लगेच सांग बरं का. मी एका पायावर येतो."

"पहिलं तुलाच सांगतो," बाबा म्हणायचे.

अशी चारेक वर्षं गेली. मी कॉलेजात होते. एका दुपारी बाबा धापा टाकत घरी आले. कंपनीचा जुना वॉचमन त्यांना चौकात भेटला होता. त्यानं सांगितलं होतं की गेट उघडलंय, दोन गाड्या भरून साहेब लोक आलेत, शेड झाडून घेतली, मशीनवरची ताडपत्री काढून तेलपाणी करायला लावलंय. बाबा तसेच सायकलवर तिकडं गेले. गेटच्या फटीतून त्यांनी स्वतः पाहिलं, आत दिवे लागलेले होते.

"चार वर्षांनी दिवे लागलेत," ते आईला सांगत होते. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

युनियनचे एक जुने पुढारी कॉलनीतच राहायचे. ते म्हणाले, "जरा थांबा. मी उद्या साहेबाला विचारून येतो, मग लिहा." बाबा थांबले नाहीत. त्यांनी फलक पाण्यानं स्वच्छ पुसला, लाल आणि पिवळा खडू आणला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: आनंदाची बातमी. आपली कंपनी दिवाळीनंतर पुन्हा सुरू होणार. एवढं लिहिल्यावर बहुधा त्यांना पुढाऱ्याचं बोलणं आठवलं असावं. पण फलक भरला होता. मग खाली उजव्या कोपऱ्यात, मावेल इतक्या बारीक अक्षरात त्यांनी आणखी दोन शब्द लिहिले: असं समजतं.

त्या संध्याकाळी कॉलनीत सणासारखं वाटत होतं. कुणी कुणाला मिठी मारत नव्हतं की काही नाही, पण बायका दारात उभ्या राहून मोठ्यानं बोलत होत्या. कित्येक दिवसांत कुणी तसं बोललं नव्हतं. काकू फलक वाचून तडक एसटीडी बूथवर गेल्या आणि लॉजवर फोन लावला.

काका दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मी कॉलेजातून परतत होते, तेव्हा ते फलकासमोर उभे होते. पत्र्याची पेटी खाली ठेवलेली, तिच्यावर गुंडाळलेली वळकटी. म्हणजे काम सोडूनच आले होते. मी हाक मारणार होते, पण ते वाचण्यात गुंतले होते. आधी सरळ उभं राहून वाचलं. मग ते वाकले, गुडघ्यांवर हात ठेवून, खालच्या कोपऱ्याकडं. बराच वेळ तसेच राहिले. नंतर पेटी उचलून खांद्यावर घेतली आणि घराकडं गेले. मला वाटलं, अक्षर न्याहाळत होते. बाबांच्या अक्षराचं त्यांना कौतुक होतंच.

आठ-दहा दिवसांनी ट्रक आले. मशीनचं तेलपाणी त्या विकायच्या म्हणून केलं होतं. साहेब लोक किंमत ठरवायला आले होते. एकेक प्रेस क्रेननं उचलून ट्रकवर चढवली आणि साखळदंडानं बांधली. कॉलनीतली माणसं रस्त्याच्या पलीकडून बघत होती. काका ज्या मशीनवर अठरा वर्षं उभे राहिले, ती गेली तेव्हा बाबा त्यांच्या शेजारी होते. काकांनी तिचा नंबर मोठ्यानं वाचला, एवढंच.

बाबांनी तोंड उघडलं, "माझ्यामुळं तुझं..."

"तू खोटं लिहिलं नाय," काका म्हणाले. "गप ऱ्हा."

लॉजवर त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला गेला होता. काका दोनदा फर्दापूरला जाऊन आले, मग नाद सोडला. त्यानंतर ते बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयात गाड्या लावायला लागले. गळ्यात शिट्टी, डोक्यावर कुणाची तरी जुनी टोपी. लग्नसराई सरली की घरी. त्यांनी कधी बाबांना दोष दिला नाही, डबाही एकत्रच राहिला, पण बाबा बदलले. गिरणीवाल्यानं एखादी बातमी सांगितली की ते विचारायचे, "तू बघितलंस?" त्यानं नाही म्हटलं की खडू खिशात. जे डोळ्यांनी बघेन तेच लिहीन, असं त्यांनी ठरवून टाकलं. शहराचं नाव बदललं तेव्हा जग बोलत होतं, टीव्ही ओरडत होता. बाबा स्टेशनवर जाऊन नवी पाटी लागलेली बघून आले आणि मगच त्यांनी ते लिहिलं. लोक हसले. मीही हसले होते.

अशानं फलकावरच्या बातम्या कमी होत गेल्या. डोळ्यांनी बघता येतील अशा बातम्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला किती येणार? नळाला पाणी आलं. गिरणीसमोरचं लिंबाचं झाड रस्त्यासाठी तोडलं. आणि मग मरणाच्या. कंपनीतली माणसं एकेक करून जायला लागली आणि फलकावर तेवढंच उरलं. नवीन लोकांना वाटतं, हा फलक त्याच्यासाठीच आहे.

तीन वर्षांपूर्वी काका गेले. सकाळी उठलेच नाहीत. बाबांनी त्यांना आंघोळ घालताना बघितलं, खांदा दिला, सरणाजवळ शेवटपर्यंत उभे राहिले, आणि घरी येऊन खडू घेतला. नाव लिहिलं. पुढं 'यांचे' लिहिलं. तिसरा शब्द काही लिहून होईना. मी म्हणाले, "बाबा, मी लिहू का?" त्यांनी मानेनंच नको म्हटलं. माणसं येत-जात होती. शेवटी त्यांनी तो शब्द लिहिला, तेव्हा ओळ खाली उतरली होती. इतकी वर्षं त्यांची ओळ कधी उतरली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात कॉलनीच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये बातमी आली की कंपनीची शेड पाडायला घेतली आहे. तिथं मोठाले फ्लॅट होणार. मी मुकुंदवाडीला राहते, शाळेत शिकवते. रविवारी बाबांकडं गेले तर ते तयार होऊन बसलेले.

"चल, बघून येऊ. लिहायचं आहे."

"सगळ्यांना कळलंय बाबा. फोटोसुद्धा आलेत."

"मला दिसत नाय फोटोत."

रिक्षा बोलावली. बाहेर काकू उभ्या होत्या, चांगलं लुगडं नेसून. म्हणाल्या, "भाऊ, मी बी येते. ह्यांचं ऱ्हायलं बघायचं, मी तरी बघते." तिघं गेलो.

शेडचा अर्धा भाग आधीच गेला होता. पोकलेन उरलेल्या भिंतीला सोंड लावत होतं आणि भिंत आवाज न करता वाकून मग एकदम खाली यायची. धुरळा आमच्यापर्यंत येत होता. गेटवर मोठा फ्लेक्स, त्याच्यावर हिरवळ, कारंजं आणि हसणारं एक कुटुंब. बाबांनी कपाळावर हाताचा आडोसा केला आणि बघत राहिले. पॅकिंगची शेड कुठं होती, प्रेस शॉप कुठं होतं, ते मला दाखवायचा प्रयत्न करत होते, पण नेमकी जागा त्यांनाच सापडेना.

समोरच्या टपरीवर बसलो. चहा आला. बाबांनी कप हातात धरून ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, एक सांगायचं ऱ्हाऊन गेलं. त्याला सांगायला जायचो तर तो गप करायचा. ते दोन शब्द मी बारीक लिहिले. मोठे लिहायला पाहिजे होते. आधी लिहायला पाहिजे होते. माझ्यामुळं त्याची नोकरी गेली."

काकूंनी पदरानं कपाळावरची धूळ पुसली. मग इतक्या हळू बोलल्या की मला वाकून ऐकावं लागलं.

"भाऊ, मी वाचले होते ते शब्द."

बाबांनी त्यांच्याकडं बघितलं.

"बारीक होते तरी दिसले मला. माझी नजर तवा लई चांगली होती. फोनवर मी ते सांगितलंच नाय. ह्यांनी मला विचारलं, नक्की का? मी म्हणलं, नक्की. फलकावर लिहिलंय म्हणलं. पोरगं आजारी होतं तवा. पाणी, रेशन, शाळा, सगळं एकटीच्या जिवावर. मला हे घरी पाहिजे होते, भाऊ. मला वाटलं, समजतं म्हणजे होईलच की. मग ट्रक आले. मी ह्यांना कधीच सांगितलं नाय. म्हणलं, बोल तुमच्यावर गेलाय तर जाऊ दे. इतकी वर्षं तुमच्या तोंडाकडं बघताना मला कसं व्हायचं, ते माझं मला ठाऊक."

पोकलेन थांबलं होतं. मजूर जेवायला बसले असावेत. त्या शांततेत माझ्या डोळ्यांपुढं काका आले, पेटी खाली ठेवून, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले. सांगावं की नाही, मला कळेना. सांगून यांचं काय हलकं होणार होतं? पण न सांगणं त्याहून वाईट वाटलं. इथं प्रत्येकानं काहीतरी न सांगताच वीस वर्षं काढली होती.

"काकू," मी म्हणाले, "काका आले त्या दिवशी घरी यायच्या आधी फलकापाशी थांबले होते. मी बघितलं. खाली वाकून कोपऱ्यातलं वाचत होते."

"वाकला होता?" बाबांनी विचारलं.

"हो. बराच वेळ."

"तू स्वतः बघितलंस?"

"स्वतः बघितलं."

काकूंनी चहाचा कप बाकावर ठेवला. "म्हणजे ह्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले, ते ह्यांना दारात पाय टाकायच्या आधीच ठाऊक होतं." मग म्हणाल्या, "घरात आले, पेटी ठेवली आणि म्हणाले, चहा टाक. तेवढंच. मला वाटलं, दमलेत."

त्या रडल्या नाहीत. बाबा रडले. आजवर मी त्यांना फक्त आई गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं. टपरीवाला दुसरीकडं बघायला लागला. मला वाटलं होतं, कोडं सुटल्यासारखं होईल, दोघांच्याही छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. ज्याच्याशी बोलायचं तो माणूसच नव्हता. त्यानं दोघांचंही पोटात घातलं आणि शिट्टी गळ्यात अडकवून गाड्या लावत राहिला. आता त्याला काय म्हणायचं, आणि कुठं जाऊन म्हणायचं?

संध्याकाळी बाबांनी फलकावर लिहिलं: कंपनीची शेड पाडली. आज पाहिली. एका भाडेकरूच्या मुलीनं मला विचारलं, "कोणती कंपनी?" मी सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिला काही कळलं नसावं.

महिन्याभरानं काकूंनी खोली सोडली. मुलगा पुण्याला चाकणकडं एका कंपनीत आहे, त्याच्याकडं त्यांना करमत नाही. सोयगावला दिरांच्या वाड्याला लागून त्यांच्या वाटणीची दोन खणांची जागा आहे, तिथं राहायचं म्हणाल्या. बाबा आणि मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. सामान फार नव्हतंच. पत्र्याची एक पेटी, दोन पिशव्या, स्टोव्ह. बाबांनी बसमध्ये खिडकीजवळची जागा रुमाल टाकून धरली.

"भाऊ, येत जा कधी," काकू म्हणाल्या.

"व्हय, येतो," बाबा म्हणाले. दोघांनाही माहीत होतं की ते जाणार नाहीत. शंभर किलोमीटर एसटीनं जायची ताकद त्यांच्यात उरलेली नाही.

बस हलताना काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बसबरोबर चार पावलं चालले. मग सोडावाच लागला. ते मागं वळले तेव्हा त्यांना बाहेर जायची वाट सापडेना, मी हाताला धरून आणलं.

घरी आल्यावर मला वाटलं, ते पडतील. ते खडू घेऊन गिरणीकडं गेले. मीही मागं गेले. त्यांनी काकूंचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, आणि पुढं लिहिलं: आज सोयगावला राहायला गेल्या. इथं त्रेचाळीस वर्षं होत्या.

दळण घेऊन निघालेली एक बाई थांबली. तिनं वाचलं आणि मला हळूच विचारलं, "वारल्या का?"

"नाही," मी म्हणाले. "गावाला गेल्या."

"मग फलकावर कशाला?"

बाबांनी ते ऐकलं असावं. त्यांनी खडूची पूड झटकली आणि म्हणाले, "चल, जेवून घेऊ."